चिंता आणि समाजभय मोजणाऱ्या प्रश्नावल्या: निवड, भरून घेणे, गुण देणे आणि आकडा वाचणे

चिंता किंवा समाजभय, म्हणजे चारचौघांत वावरण्याची भीती, किती आहे हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही. माणसालाच विचारावे लागते आणि त्याने स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांना गुण देऊन बेरीज करावी लागते. महाविद्यालयातले समुपदेशक, मानसशास्त्राचे विद्यार्थी, आश्रमशाळेतले शिक्षक, गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था अशा अनेकांच्या हाती आज या प्रश्नावल्या असतात. कागद सात-आठ ओळींचा असला की काम सोपे वाटते. पण शेवटी येणारा आकडा जितका प्रश्नांतून येतो, तितकाच ते प्रश्न कुठे, कोणत्या भाषेत आणि कुणासमोर विचारले गेले यातून येतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबारमध्ये काम करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू जास्त सांभाळायला हवी, म्हणून या लेखात तिच्यावरच अधिक भर आहे.

आधी ठरवा: कशासाठी मोजायचे आहे?

प्रश्नावलीचे उपयोग तीन. अनेकांमधून पुढे तपासायला हवेत असे थोडे निवडणे, म्हणजे चाळणी. एखाद्याचा त्रास किती तीव्र आहे याचा अंदाज घेणे. आणि उपचार किंवा समुपदेशन चालू असताना फरक पडतो आहे का ते पाहणे. निदान या यादीत नाही. निदान मुलाखतीतून होते आणि ते मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. बेरजेवरून कुणालाही ‘तुला अमुक विकार आहे’ असे सांगू नये.

कोणती प्रश्नावली घ्यावी

सर्वसाधारण चिंतेसाठी सुरुवात जीएडी-७ने करावी. २००६ साली स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. सात प्रश्न, काळ मागच्या दोन आठवड्यांचा, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ० ते २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम आणि १५ पासून तीव्र असे टप्पे आहेत. शेवटी, या सगळ्यामुळे काम, घर आणि माणसांशी जमवून घेणे किती अवघड झाले असा एक जादा प्रश्न असतो. तो बेरजेत धरत नाहीत, म्हणून बरेच जण छापतच नाहीत. तसे करू नये. ९ गुण असूनही कॉलेजला जाणे बंद झालेला मुलगा त्या एका प्रश्नातूनच दिसतो. वेळ अगदीच नसेल तर पहिले दोनच प्रश्न विचारावेत. त्यांची बेरीज ३ किंवा जास्त आली तर उरलेले पाच विचारावेत.

डास-२१ ही प्रश्नावली नैराश्य, चिंता आणि ताण या तिन्हींसाठी असून तिचा काळ मागच्या आठवड्याचा आहे. चिंतेचे प्रश्न सात आहेत. इथे एक गोष्ट माहीत असायलाच हवी. डासमधला चिंतेचा भाग मुख्यतः धडधड, थरथर, कोरडे तोंड, एकदम घाबरणे यांवर बेतलेला आहे. सतत तणावाखाली असणे, शांत बसता न येणे, चिडचिड या तक्रारी तिच्या ‘ताण’ या भागात जातात. त्यामुळे दिवसभर ‘पुढे काय होईल’ हा घोर लागलेल्या माणसाचे जीएडी-७चे गुण जास्त आणि डासच्या चिंतेचे कमी येऊ शकतात. ही चूक नाही. दोन प्रश्नावल्या दोन निराळ्या गोष्टी विचारत आहेत.

बेक यांची १९८८ची चिंता प्रश्नावली २१ लक्षणांची, ० ते ६३ गुणांची. तिचा भर शरीरावर आणखी जास्त आहे: घाम, गरम वाटणे, पाय लटपटणे, श्वास कोंडणे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ‘गरम होणे’ आणि ‘घाम’ या ओळींना कोण शून्य देईल? उन्हाळ्यात ती वापरायचीच असेल, तर उन्हाने किंवा कामाने आलेला घाम धरायचा नाही हे तोंडी सांगावे. कापूस वेचून किंवा केळीचे घड वाहून आलेल्या माणसाकडून तर ती लगेच भरून घेऊच नये.

स्पीलबर्गर यांची प्रश्नावली ‘या क्षणी कसे वाटते’ आणि ‘एरवी कसे वाटते’ असे दोन वेगळे भाग मोजते. प्रत्येकी २० विधाने, गुण २० ते ८०. परीक्षेच्या आधी आणि नंतरची चिंता पाहायची असेल तर हीच उपयोगी.

समाजभयाची गोष्ट वेगळी. चारचौघांत बोलायची, कुणी आपल्याकडे बघत असताना लिहायची किंवा खायची, हसे होण्याची भीती जीएडी-७मध्ये नीट पकडली जात नाही. अशी व्यक्ती घरात निवांत असते आणि प्रसंग टाळला की चिंता उरतच नाही. तिच्यासाठी स्पिन आहे: १७ विधाने, ० ते ४ गुण, एकूण ६८, मागच्या आठवड्याचा काळ. १९ च्या पुढे गेल्यास बारकाईने तपासावे. तिचे तीन प्रश्नांचे छोटे रूप मिनी-स्पिन. त्यात १२ पैकी ६ किंवा जास्त आले तर पूर्ण स्पिन द्यावी. मोठ्या वर्गासाठी आम्ही हाच मार्ग सुचवू.

तपशिलात जायचे असेल तर लिबोविट्झ यांची १९८७ची श्रेणी घ्यावी. मुळात ती मुलाखत घेणाऱ्याने भरायची, पण आता स्वतः भरायचे रूपही वापरात आहे. २४ प्रसंग असतात आणि प्रत्येकासाठी दोन उत्तरे: भीती किती वाटते आणि टाळता किती. दोन्हींना ० ते ३, एकूण १४४. साधारण ३० पासून समाजभयाची शक्यता धरतात, आणि ६० च्या पुढे ते बहुतेक प्रसंगांत पसरलेले असते असे मानतात.

आठ ते अठरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या प्रश्नावल्या देऊ नयेत. त्यांच्यासाठी स्केअर्ड ही ४१ प्रश्नांची प्रश्नावली आहे. मूल आणि पालक ती वेगवेगळी भरतात आणि २५ पासून पुढे लक्ष द्यावे लागते. मुलाचे आणि आईचे गुण जुळले नाहीत तर दोघांचे म्हणणे लिहून ठेवावे. सरासरी काढू नये.

परवानगी आणि मराठी प्रत

जीएडी-७ वापरायला परवानगी लागत नाही आणि तिचा मराठी अनुवाद तयार मिळतो. डास-२१ही मोफत आहे. बेक आणि स्पीलबर्गर यांच्या प्रश्नावल्या विकत घ्याव्या लागतात, आणि स्पिनसाठी हक्कधारकाची परवानगी लागते. झेरॉक्सची झेरॉक्स वापरण्यात फक्त कायद्याचा प्रश्न नाही. अशा प्रतींत एखादी ओळ गळालेली असते, ० ते ३ च्या जागी १ ते ४ छापलेले असते, आणि मग सगळ्यांचीच बेरीज चुकते. वाटण्याआधी छापील प्रत मूळ प्रतीशी ओळ न् ओळ पडताळून घ्यावी.

मराठी रूप मिळत नसेल आणि स्वतः करावे लागले, तर एका रात्रीत एका माणसाने करू नये. दोघांनी स्वतंत्र अनुवाद करावा आणि दोन्ही शेजारी ठेवून एक मसुदा ठरवावा. मूळ प्रत न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत मूळ भाषेत न्यावा. मग आठ-दहा जणांना प्रत्येक वाक्य दाखवून ‘याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारावे. हा शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त चुका पकडतो आणि नेमका तोच गाळला जातो. असा अनुवाद वापरताना मूळ प्रश्नावलीची १० किंवा १९ ची रेषा, म्हणजे जिथून पुढे तपासायला हवे तो गुण, आपल्याला जशीच्या तशी लागू होते असे गृहीत धरू नये.

घरी अहिराणी, कागद मराठीत

शाळा शिकलेल्यांना मराठी कागद वाचता येतो. तरी घरात अहिराणी, लेवा बोली किंवा गुजरी बोलणारा माणूस आपला त्रास त्याच बोलीत अनुभवतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली आणि पावरी बोलणाऱ्यांसाठी तर मराठीही शाळेतली भाषा आहे. अशा वेळी आयत्या वेळी तोंडाला येईल तसा अर्थ सांगत बसू नये. कोणत्या प्रश्नाला बोलीत काय म्हणायचे ते आधी लिहून ठेवावे आणि सगळ्यांना तेच सांगावे. नाहीतर एकाला ‘काळजी वाटते का’ आणि दुसऱ्याला ‘भीती वाटते का’ असे विचारले जाते, आणि दोघांची बेरीज शेजारी मांडण्यात अर्थ राहत नाही.

‘मना जीव घाबरस’ असे कुणी म्हटले की लगेच चिंतेच्या रकान्यात खूण करू नये. ऊन लागल्यावर, उपासाने, अशक्तपणाने जे होते त्यालाही लोक हेच म्हणतात. त्या वेळी मनात काय चालले होते, एवढा एक प्रश्न जास्तीचा विचारावा.

वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवावेत आणि कागदाच्या वर ‘वाचून दाखवली’ असे लिहावे. दुभाषी म्हणून सासू, नवरा किंवा मोठा भाऊ नको. सुनेची चिंता सासूच्या तोंडून विचारली तर उत्तर सासूला चालेल असेच येते. त्याच गावची ओळखीची आशाताईसुद्धा काहींना अडचणीची वाटते. शेजारच्या गावची बाई असेल तर बरे.

‘मागचे दोन आठवडे’ हा काळ अनेकांना धूसर वाटतो. त्याला आठवडी बाजाराने बांधावे: ‘परवाच्या बाजाराच्या आधीचा जो बाजार होता, त्याच्याही आधीपासून आजपर्यंत.’ मध्ये आखाजी, पोळा किंवा कानबाईचे रोट येऊन गेले असतील तर तीही खूण धरता येते. ‘काही दिवस’ आणि ‘निम्म्यापेक्षा जास्त दिवस’ यांतला फरक कळत नसेल तर कागदावर १४ चौकोन काढून ‘यांतले किती दिवस?’ असे विचारावे. ०-१ दिवसाला ०, २ ते ६ ला १, ७ ते ११ ला २ आणि १२ ते १४ ला ३ गुण.

वर्गात भरून घेताना

समाजभय असणाऱ्या मुलाला भरल्या वर्गात शंका विचारणे हेच तर सगळ्यात कठीण. ‘काही अडले तर हात वर करा’ असे सांगितले की तो गप्प राहतो आणि अडलेला प्रश्न अंदाजाने भरतो. त्यापेक्षा रांगांमधून हळूहळू फिरावे, जवळ आल्यावर हलक्या आवाजात विचारता येईल असे सांगावे. वर्गशिक्षक आणि प्राचार्य त्या वेळी खोलीत नसावेत. दोन विद्यार्थ्यांमध्ये एक जागा मोकळी असावी. भरलेले कागद मागून पुढे पाठवायला सांगू नयेत, कारण वाटेत चार जण वाचतात. दाराशी झाकणाचे खोके ठेवावे आणि प्रत्येकाने कागद घडी घालून त्यात टाकावा.

आणखी एक गळती लक्षातच येत नाही. ज्यांना सर्वांत जास्त त्रास आहे ती मुले त्या दिवशी येतच नाहीत. गैरहजर राहिलेल्यांसाठी दुसरी वेळ ठेवावी, तीही छोट्या गटात किंवा एकेकट्याला. नाहीतर ‘आमच्याकडे समाजभय फारसे नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि ज्यांना मदत हवी ते घरीच राहतात.

नाव हवे की नको हे उद्देशावर ठरते. नुसती आकडेवारी हवी असेल तर नाव, हजेरी क्रमांक काहीच नको, आणि हजेरीचा कागद त्याच वेळी फिरवू नये. पुढे मदत करायची असेल तर नाव लागेल. मग ते कोण पाहील आणि कोण पाहणार नाही हे आधी सांगावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना ‘याचा आपल्या निवडीवर परिणाम होईल’ अशी धास्ती असते आणि ती सगळीकडे शून्य भरतात. असा काही संबंध नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि ते खरेही असावे.

फोनवरून भरून घेत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. घरात फोन एकच असेल तर मुलीचा फॉर्म भाऊ वाचतो हे गृहीत धरा. प्रत्येक प्रश्न सक्तीचा करू नका, ‘उत्तर द्यायचे नाही’ असा पर्याय ठेवा.

गुण देताना होणाऱ्या चुका

कागद हातात आल्यावर माणूस जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: एखादी ओळ सुटली आहे का, आणि एकाच ओळीत दोन खुणा आहेत का. जीएडी-७मध्ये एक-दोन उत्तरे नसतील तर उरलेल्यांच्या सरासरीने भरण्याची रीत आहे. पण सहा उत्तरांची बेरीज ९ आली तर हिशेब ९ भागिले ६ गुणिले ७, म्हणजे १०.५ होतो. न दिलेल्या एका उत्तराने माणूस १० ची रेषा ओलांडतो. शक्य असेल तेव्हा परत विचारणे हाच बरा उपाय. तीन उत्तरे नसतील तर बेरीज करूच नये.

एक उदाहरण घेऊ. उत्तरे २, ३, २, १, १, २, १. बेरीज १२, म्हणजे मध्यम. पहिल्या दोन प्रश्नांची बेरीज ५, म्हणजे छोट्या चाचणीतही ही व्यक्ती सुटली नसती.

डास-२१ची बेरीज दुप्पट करावी लागते, कारण तिचे टप्पे ४२ प्रश्नांच्या मूळ रूपावर आधारलेले आहेत. चिंतेच्या सात प्रश्नांची बेरीज ६ आली तर गुण १२ होतात आणि ते मध्यम टप्प्यात बसतात (०-७ सामान्य, ८-९ सौम्य, १०-१४ मध्यम, १५-१९ तीव्र, २० पासून अतितीव्र). दुप्पट करायचे विसरले की तोच माणूस ‘सामान्य’ ठरतो.

स्पीलबर्गरच्या प्रश्नावलीत ‘मी शांत आहे’ अशा अर्थाची विधाने येतात: या क्षणाच्या भागात १०, एरवीच्या भागात ९. त्यांचे गुण उलटे धरायचे, १ चे ४ आणि २ चे ३. एक्सेलमध्ये ५ वजा उत्तर असे सूत्र लिहावे आणि मूळ रकाना पुसू नये, म्हणजे चूक मागाहून शोधता येते. कमी शिकलेल्या वाचकाचा अशा उलट विधानांपाशी गोंधळ होतो. पण याच विधानांचा एक फायदाही आहे. डोळे झाकून सगळीकडे एकच खूण करणारा इथे पकडला जातो.

आकडा वाचणे

जीएडी-७ची १० ही रेषा दगडावरची नाही. मूळ अभ्यासात त्या रेषेने सर्वसाधारण चिंताविकार असलेल्यांपैकी ८९ टक्के पकडले आणि नसलेल्यांपैकी ८२ टक्के बरोबर बाजूला ठेवले. ऐकायला छान वाटते, पण हिशेब करून पाहा. समजा हजार विद्यार्थ्यांत ५० जणांना खरोखर विकार आहे. त्यांतले साधारण ४५ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी १८ टक्के, म्हणजे १७१ जण विकार नसताना रेषेच्या वर येतील. रेषेवरच्या २१६ जणांत खरे आजारी पाचात एक. हेच मानसोपचार विभागाच्या रांगेतल्या हजार जणांत करा, जिथे ३०० जणांना विकार आहे असे धरू: २६७ खरे, १२६ विनाकारण, म्हणजे तिघांत दोन खरे. प्रश्नावली तीच, रेषा तीच. म्हणून महाविद्यालयाच्या अहवालात ‘२१६ विद्यार्थ्यांना चिंताविकार’ असे कधीही लिहू नये. ‘२१६ जणांशी बोलायला हवे’ एवढेच खरे.

जास्त गुणांमागे शरीर नाही ना, हे बघावे. थायरॉइड वाढलेला, रक्त कमी असणे, दम्याचा पंप, दिवसात दहा कप चहा, तंबाखू सोडल्याचे पहिले दिवस या सगळ्यांत धडधड आणि अस्वस्थता येते. नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल आणि रक्तक्षय हे नेहमीचे. तिथे धडधड आणि दम लागणे या उत्तरांवर हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय मत बनवू नये.

लिबोविट्झच्या श्रेणीत एकूण बेरजेआधी भीती आणि टाळणे हे दोन रकाने शेजारी ठेवून ओळी वाचाव्यात. भीती ० आणि टाळणे ३ अशी ओळ दिसली की थांबावे. सार्वजनिक स्वच्छतागृह बाई टाळते ते घाणीमुळे. मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाही ती रीत म्हणून. अनोळखी माणसाशी बोलत नाही कारण घरचे बोलू देत नाहीत. यांतले काहीच समाजभय नाही, पण बेरीज मात्र वाढते. उलट, भीती ३ आणि टाळणे ० असलेला मुलगा रोज धडधडत्या छातीने वर्गात उभा राहून उत्तर देतो. त्याची बेरीज मध्यम दिसेल, त्रास मध्यम नसेल. पार्टी देणे, घेतलेली वस्तू दुकानात परत करणे असे प्रसंग ज्याच्या वाट्याला आलेच नाहीत, त्याने ‘आला तर कसे वाटेल’ अशी कल्पना करून उत्तर द्यायचे, हे सुरुवातीलाच सांगावे.

कागद वाटण्याआधीची तयारी

जास्त गुण आलेल्याला कुठे पाठवायचे हे ठरलेले नसेल तर प्रश्नावली वाटू नये. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि वेळा आधी विचारून लिहून ठेवाव्यात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, तो प्रत्येक कागदाच्या तळाशी छापावा. गुण कितीही येवोत, तो सगळ्यांकडे जातो आणि कुणी वेगळा काढला जात नाही.

जीएडी-७ आत्महत्येबद्दल विचारत नाही. तिच्याबरोबर नैराश्याची पीएचक्यू-९ देत असाल तर तिचा नववा प्रश्न त्याबद्दलच आहे, आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी, गठ्ठा कपाटात जाण्याआधी पाहावे. तिथे ० सोडून काहीही असेल तर त्या व्यक्तीशी त्याच दिवशी एकांतात बोलावे आणि तिला एकटी सोडू नये. नाव न घेता भरून घेत असाल तर तो प्रश्न ठेवण्यापूर्वी नीट विचार करावा, कारण उत्तर दिसूनही माणूस सापडणार नाही.

गुण सांगताना आकड्याने सुरुवात करू नये. ‘तुम्ही लिहिलंय की मागचे दोन आठवडे झोप नाही आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत. कधीपासून आहे हे?’ असे म्हणावे. आकडा नंतर सांगितला तरी चालतो.

पुन्हा मोजणे

दोन आठवड्यांबद्दल विचारणारी प्रश्नावली दर आठवड्याला देऊ नये. तीन ते चार आठवड्यांचे अंतर ठीक. तीच प्रत, तीच भाषा, तीच पद्धत. पहिल्यांदा वाचून दाखवली असेल तर पुढेही वाचूनच. जीएडी-७मध्ये साधारण ४ गुणांचा फरक पडला तर तो खरा धरावा. १२ चे ९ झाले तर ते रोजच्या चढउतारातही होते. १२ चे ७ झाले तर सुधारणा म्हणता येईल. दोन्ही वेळा आसपास काय चालले होते तेही कागदावर लिहावे: बारावीची परीक्षा, कापसाचे पडलेले भाव, घरातले लग्न. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी फाईल उघडणाऱ्याला गुण का वाढले हे कळायला मार्ग नसतो.

भरलेले कागद कुलपात ठेवावेत आणि नावांची यादी वेगळ्या कपाटात. दोन्हींमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक समान असावा. संस्थेला अहवाल देताना वर्गवार आकडे द्यावेत, पण दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचे वेगळे देऊ नयेत. एका तुकडीत सातच मुली असतील आणि ‘एकीला तीव्र’ असे छापले, तर ती कोण हे दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलेले असते.